कोण हाय का आत?

कोणी पैठणी घ्यायला येवल्याला जातं, कोणी कांद्याचा भाव बघायला लासलगावला. सृष्टी घोटीला गेली ती आवाज आणायला.

ऐकणाऱ्याला हे खुळचट वाटेल. तिच्या आईलाही वाटलं होतं. पण सृष्टी एक गेम बनवत होती, पोरं कॉम्प्युटरवर खेळतात तसला, आणि त्यासाठी तिला भात भरडायच्या गिरणीचे आवाज हवे होते. इंटरनेटवर फुकटचे आवाज ढिगानं मिळतात. तिनं ते ऐकून पाहिले, तर सगळी यंत्रं परक्या मुलखातली वाटत होती. घोटीला तिच्या मोठ्या काकांची, चिमाजीआप्पांची, गिरणी होती. बरीच वर्षं कुलपात होती, पण होती. घरची गिरणी असताना दुसऱ्याच्या दारात आवाज मागायला कशाला जायचं, असा तिचा सरळ विचार होता.

हे वेड तिला लागलं बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. जेल रोडच्या दोन खोल्यांत, जुन्या लॅपटॉपवर, व्हिडिओ बघून बघून ती शिकत होती. सुरुवातीला तिनं एक माणूस बनवला, त्याला जमिनीवर उभा केला आणि खेळ सुरू केला, तर तो जमिनीतून आरपार खाली गेला आणि जातच राहिला. जमीन नुसती काढून भागत नाही, ती घट्ट आहे हे कॉम्प्युटरला वेगळं सांगावं लागतं, हे कळेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी राहिलं होतं. भिंतींचंही तसंच. पण ज्या दिवशी तो माणूस भिंतीला आपटून थांबला, त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. आईला वाटलं, नोकरी लागली.

वडिलांना, सोमनाथरावांना, नोकरीच हवी होती. शाळेत कारकुनी करणारा हा माणूस कधी आवाज चढवत नसे, पण त्यांनी एक अट घातली होती. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात नवशिक्यांच्या गेमची स्पर्धा होती. तिथं स्वतःचा गेम पुरा करून लोकांसमोर मांडला, तर पुढं शिकायला त्यांची ना नव्हती. अर्धवट राहिला, तर मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेचा क्लास. सृष्टीनं अट मान्य केली. मनातल्या मनात तिनं ठरवलं, की गेम मी पुरा करणारच, मग आडवं कोणीही येवो. कोण आडवं येणार आहे हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

तिच्या डोक्यात आधी अख्खं नाशिक होतं. घाट, पूल, द्राक्षबागा, शंभर माणसं. बुद्धभूषणला, म्हणजे भूषणला, तिनं ते सांगितलं. तो उपनगरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्यानं स्वतः दोन छोटे गेम पुरे केले होते, आणि सृष्टीची शंका कितीही बावळट असली तरी तो हसत नसे. या वेळी मात्र हसला.

“आधी एक खोली कर,” तो म्हणाला. “एक दार, एक बटण, एक काम. नवा माणूस इथंच मरतो बघ. डोंगर काढायला घेतो आणि पायरीपण पुरी होत नाही.”

एक खोली म्हटल्यावर सृष्टीला गिरणी आठवली.

भाद्रपद होता. घोटीला पावसाची झड लागलेली आणि भरदुपारी अंधारून आलेलं. आप्पांचं घर गिरणीसमोरच, रस्त्याच्या पलीकडं. काकूंनी चहा दिला, आप्पांनी खुंटीवरची किल्ली काढून दिली.

“बघून घे एकदा. आता ती जागा विकायचीच हाय,” आप्पा म्हणाले. “आत लय रेंगाळू नको. साप-किरडू असतंय.”

कुलूप कुरकुरत उघडलं. आत पाऊल टाकलं तशी सृष्टी थबकली. वर्षानुवर्षं बंद असलेल्या जागेला ओलीचा, उंदरांचा वास यायला हवा. इथं कोंड्याचा वास होता. नुकतंच भात भरडून झालं की येतो तसा, गरम आणि गोडसर. बाहेरच्या पावसात तो नाकाला बरा वाटला, म्हणून तिनं त्याचा फार विचार केला नाही.

दाराशेजारी भिंतीवर मोटरचा स्टार्टर, त्याला एक हिरवं बटण आणि एक लाल. मधोमध भरडायचं यंत्र, वर जाळ्यांची झालर. त्याच्या मागं एक विटांची भिंत आणि भिंतीमागं पट्ट्याचा खड्डा. मोटरचा रुंद पट्टा त्या खड्ड्यातून फिरायचा. तो कधी उतरला, की कोणाला तरी खाली उतरून चढवावा लागे. स्टार्टरपाशी उभ्या माणसाला खड्डा दिसत नसे. म्हणून हिरवं बटण दाबण्याआधी हाक मारायची, तीनदा. “कोण हाय का आत?” आत कोणी असलं तर “हाय” म्हणायचं आणि बाहेर यायचं. तो माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. सृष्टीनं ही हाक लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत ऐकलेली होती. चुलतभावंडं अंगणात हाच खेळ खेळायची.

तिनं मोबाइलला छोटा माइक लावला. वाऱ्याची फरफर येऊ नये म्हणून त्यावर पायमोजा चढवला. पत्र्यावरची टिपटिप घेतली, कोंड्यावर पडणारी स्वतःची पावलं घेतली. मेलेल्या स्टार्टरचं बटण दाबून त्याचा खटका घेतला. शेवटी दाराशी उभं राहून, पोट आत ओढून, गिरणीवाल्याच्या थाटात तिनं हाक मारली.

“कोण हाय का आत?”

तीनदा मारली. मग थोडी थांबली. पाऊस पडत राहिला. काही आलं नाही. तिनं मोबाइल बंद केला, कुलूप लावलं, किल्ली दिली आणि नाशिकची बस पकडली. काय केलंस तू हे, असं विचारणारं तिथं कोणी नव्हतं.

गेम आकाराला आला. खेळणारा गिरणीच्या दारात उभा. भाताचं पोतं ओतायचं, हाक मारायची, मोटर सुरू करायची, तांदूळ भरून घ्यायचा. स्पेस बार दाबला की हाक, एंटर दाबलं की हिरवं बटण. एवढंच. ती लॅपटॉप घेऊन भूषणच्या दुकानात गेली. त्यानं हेडफोन चढवले, खेळून पाहिलं आणि मान डोलावली.

“बाकी दुरुस्त्या आहेत. पण ते उत्तर भारी बसवलंस. आवाज कोणाचा घेतलास?”

“कुठलं उत्तर?”

“हाकेनंतरचं गं. ‘हाय’ म्हणतो तो.”

सृष्टीनं हेडफोन त्याच्या कानावरून काढून आपल्या कानाला लावले. स्पेस बार दाबला. तिची स्वतःची हाक आली, थोडी पोरकट. मग पत्र्यावरची टिपटिप. मग खूप आतून, भिंतीपलीकडून, कोणी तरी खाकरलं.

“हाय.”

“रस्त्यावरचा कोणी असेल,” ती म्हणाली.

घरी येऊन तिनं ती फाइल उघडली. आवाजाची रेघ पडद्यावर दिसते, बोललं तिथं ती फुगते आणि शांत असलं तिथं सपाट होते. तिची हाक फुगलेली दिसत होती. त्यानंतर पावसाची बारीक थरथर सोडली तर रेघ सपाट होती. तरीही तिनं तो सपाट तुकडा कापून टाकला आणि गेम पुन्हा सुरू केला.

“हाय… थांबा.”

या वेळी तो आवाज भिंतीच्या अलीकडून आला.

नवशिक्याला अशा वेळी आधी आपलीच चूक दिसते. जुनी फाइल जोडली गेली असेल, चुकीच्या फोल्डरमध्ये गेली असेल. सृष्टीच्या लॅपटॉपवर ‘फायनल’ नावाच्या इतक्या फाइल होत्या, की खरी कुठली हे देवालाच माहीत. तिनं सगळ्या पुसल्या, हाकेची एकच ठेवली, तीही छाटून. पुन्हा स्पेस बार दाबला. आता कोंड्यावर घासत येणारी चप्पल ऐकू आली. यंत्रापाशी येऊन ती थांबली.

“हाय… थांबा. आलो.”

भूषणनं त्याच्या दुकानात तो गेम पुन्हा चालवला आणि मधेच हेडफोन काढून तो दुकानाच्या दाराकडं बघायला लागला. दारात कोणी नव्हतं. रस्त्यावर रिक्षा, दुचाकी, ऊन.

“भिंत घट्ट केलीयस ना तू?” त्यानं विचारलं.

“केलीय.”

“मग तो अलीकडं कसा आला?”

सृष्टीला भीती वाटली, हे खरं आहे. लॅपटॉप मिटून ती आईच्या जवळ जाऊन बसली आणि उगाच मेथी निवडत राहिली. पण भीती ओसरली तसा तिला राग आला. एवढं शिकून, एवढी जागरणं करून आपण एक खोली बांधली, आणि तिच्यात हा कोण न विचारता येतोय? येतोय तर त्यानं नाव तरी सांगावं.

“पप्पा, गिरणी बंद का पडली?” तिनं त्या संध्याकाळी विचारलं.

सोमनाथरावांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. “गोटीराम म्हणून एक जण होता कामाला. खड्ड्यात पडलेला होता, प्यायलेला. आप्पांनी हाक मारली होती, तीनदा. त्यानं ओ दिली नाही. पट्ट्यात गेला बिचारा. मग कोणी माणूस कामाला टिकेना.”

“तुम्ही होतात तिथं?”

“मी इथं, नाशिकला. आप्पांनी सांगितलं.”

गोटीरामची बायको, भागीबाई, घोटीच्या बाजारात सुकट-बोंबील विकते, हे सृष्टीला काकूंकडून फोनवर कळलं. ती पुन्हा बसमध्ये बसली. या वेळी ती आप्पांच्या घरी गेली नाही.

भागीबाईंनी आधी ऐकून घेतलं नाही. चिमाजीआप्पाच्या घरची पोर म्हटल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाकडं तोंड फिरवलं. सृष्टी उभीच राहिली. गिऱ्हाईक गेलं, तिनं लॅपटॉप उघडून हेडफोन पुढं केले. बाईंनी पदराला हात पुसले, ते कानाला लावले. सृष्टीनं स्पेस बार दाबला.

भागीबाईंचा चेहरा हलला नाही. फक्त त्यांचा हात वर गेला आणि डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला, घरात थोरलं माणूस आल्यावर करतात तसा.

“हाक कोणी मारली?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“मंग? दारात उभी ऱ्हायलीस का?”

“नाही. कुलूप लावून बस धरली.”

“अगं बया…” त्या हळूच म्हणाल्या. “हाक मारणारानं हलायचं नसतं. आतला माणूस दिसंपातुर दारातच थांबायचं. तू बोलावलं त्यास्नी आन निघून गेलीस. त्ये येत्यात अजून.”



“मावशी, त्या दिवशी पण हाक मारली होती म्हणतात. तीनदा.”

भागीबाईंनी हेडफोन काढून तिच्या हातात दिले. “मी डबा घेऊन रस्त्यानं येत व्हते. गिरणी डोळ्यापुढं. मोटर चालू झालेली ऐकली म्या. हाक नाय ऐकली. हाकच मारली नव्हती. शंभर वेळा सांगितलं. दारू पाजली मेल्यावर त्यास्नी. जित्तेपणी चहाबिगर काय घेतलं नाय त्या माणसानं.”

“मग आता मी काय करू? गेम पुसून टाकू?”

“तुझा खेळ तू बघ,” बाई म्हणाल्या. “पर आता हाक मारलीस ना? मंग माघारी घेऊ नको.”

सृष्टीनं माघारी घेतली नाही. तिनं गेममध्ये एक माणूस काढला, पांढरी टोपी, अर्ध्या बाह्यांचा सदरा. नियम बदलले. हाक मारायची आणि दारात थांबून राहायचं. तो माणूस बाहेर येऊन उभा राहिला तरच मोटर सुरू होईल. हाक न मारता बटण दाबलं, तर पडदा काळा, खेळ संपला. सुरुवातीच्या पानावर तिनं लिहिलं, ‘गोटीराम यांची गिरणी’.

आता एक विचित्र गोष्ट घडायला लागली. हाक मारली की चपलांचा आवाज यायचा, दारापर्यंत यायचा, पण तिनं काढलेला माणूस बाहेर पडायचा नाही. दाराच्या आतल्या काळोखात त्याची टोपी तेवढी दिसायची. पंधरा वेळा तपासूनही सृष्टीला तिच्या लिखाणात चूक सापडली नाही. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू यायचा. तो कोणाची तरी वाट बघत थांबला होता आणि ती व्यक्ती सृष्टी नव्हती.

सोमनाथरावांना भावापासून काही लपवायची सवय नव्हती. गेमचं नाव आणि त्यात ऐकू येणारी ओ, दोन्ही त्यांनी फोनवर सहज सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आप्पा जेल रोडला हजर झाले. पाणीसुद्धा न घेता खुर्चीत बसले.

“नाव काढ,” ते म्हणाले.

“का?” सृष्टीनं विचारलं.

“जागेचा सौदा व्हायचाय. लोकं उगाच जुनं उकरतील. पिऊन पडला व्हता तो. हाक मारली व्हती मी, तीनदा. सगळ्या घोटीला ठाऊक हाय.”

“भागीमावशींना ठाऊक नाही.”

आप्पांनी भावाकडं पाहिलं. “सोमनाथ, तुला शिकवलं कोणी, सांग जरा पोरीला. नाव काढ आन काय तो आवाज घातलाय, तोबी काढ. नायतर ह्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाय.”

सोमनाथराव खाली बघत होते. सृष्टीनं हात ओढणीत गुंडाळले. 

“आवाज मी घातलेला नाही, आप्पा. म्हणून तो मला काढताही येत नाही. नाव मी घातलंय. ते मी काढणार नाही.”

आप्पा गेल्यावर सोमनाथराव म्हणाले, “काढून टाक ना. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे.”

“तुमचीच अट होती, पुरा करून मांडायचा. ते दोन शब्द काढले तर तो पुरा राहत नाही, पप्पा.”



स्पर्धेच्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात टेबलं लागली होती. कोणाच्या गाड्या पळत होत्या, कोणाची माकडं उड्या मारत होती. सृष्टीच्या टेबलावर पोरं यायची, हेडफोन घालायची, पडद्यावर लिहिलंय तसं स्पेस बार दाबून हाक मारायची, आणि थोड्या वेळानं मान वळवून मागं बघायची. “कोणी तरी आलं असं वाटतं,” एक मुलगी म्हणाली. परीक्षकांनीही मान वळवून मागं पाहिलं. भूषण शेजारी उभा राहून हाताची घडी घालून सगळं बघत होता.

दुपारी आप्पा आले. मागं सोमनाथराव होते, चेहरा उतरलेला.

“बघू दे काय दाखवतेस जगाला,” आप्पा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. सृष्टीनं हेडफोन पुढं केले. त्यांनी ते टोपीवरूनच चढवले.

पडद्यावर गिरणी उभी राहिली. दार, यंत्र, भिंत, हिरवं बटण. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, आधी हाक मारा. सकाळपासून प्रत्येकानं आधी हाक मारली होती, लहान पोरांनीसुद्धा. आप्पांनी ते वाचलं की नाही कोण जाणे. त्यांचं बोट सरळ एंटरवर गेलं आणि त्यांनी ते दाबलं. विचार न करता, सवयीनं, रोजचं काम उरकावं तसं.

सोमनाथरावांनी ते पाहिलं. सृष्टीनं वडिलांकडं पाहिलं.

पडदा काळा व्हायला हवा होता, तिनं तसंच लिहिलं होतं. तो काळा झाला नाही. गिरणी तशीच राहिली. पांढऱ्या टोपीचा माणूस दारातून आला नाही. तो मागच्या भिंतीतून आला. ती भिंत सृष्टीनं स्वतःच्या हातानं घट्ट केलेली होती, तिच्यातून माशीसुद्धा यायला नको. तो सावकाश चालत पुढं आला आणि हिरव्या बटणाशेजारी उभा राहिला, तोंड बाहेरच्या बाजूला करून. सृष्टीनं त्याला तोंड काढलंच नव्हतं. एवढ्याशा ठिपक्यांच्या चित्रात तोंड मावत नाही.

आप्पांच्या कानात काय आलं ते बाकी कोणाला कळलं नाही. त्यांच्या मानेवर घाम फुटलेला सगळ्यांना दिसला.

“मारतो,” ते पडद्याला म्हणाले, अगदी हळू. “मारतो रे हाक… मारायची राहिली… मारतो आता.”

सोमनाथरावांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

“राहिली?” ते म्हणाले. “आप्पा, तीनदा मारली म्हणाला होतात.”

आप्पांनी हेडफोन ओढून काढले. उठताना खुर्ची पडली. भूषणनं ती उचलली. आप्पा दाराकडं निघाले तेव्हा मध्येच थांबले आणि कोणाला तरी वाट द्यावी तसे बाजूला सरकले. बाजूला सरकावं असं तिथं कोणी नव्हतं.

सोमनाथराव त्यांच्या मागं गेले नाहीत. ते लेकीच्या टेबलापाशी उभे राहिले. आयोजकांपैकी एक जण गेमचं नाव लिहून घ्यायला आला, तेव्हा सृष्टी बोलण्याआधी त्यांनीच सांगितलं, “गोटीराम यांची गिरणी. नीट लिहा, यांची, मान देऊन.” आवाज चांगला चढलेला होता.

बक्षीस उड्या मारणाऱ्या माकडांना गेलं. पण गेम पुरा होऊन मांडला गेला होता आणि अट तेवढीच होती. बँकेच्या क्लासचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. सृष्टी आता दुसरा गेम करतेय, या वेळी दोन खोल्यांचा. पहिल्या गेममध्ये हाकेनंतर आता नुसती पत्र्यावरची टिपटिप ऐकू येते आणि तिनं काढलेला माणूस सांगितल्यासारखा बाहेर येतो. तिनं काही बदललेलं नाही.

नवरात्राच्या आधी ती भागीबाईंना घेऊन गिरणीवर गेली. एक काम अर्धवट राहिलं होतं. तिनं कुलूप उघडलं, दारात उभी राहिली, तीनदा हाक मारली आणि या वेळी हलली नाही. दोघी बराच वेळ थांबल्या. आत ओलीचा आणि उंदरांचा वास होता. कोंड्याचा वास कुठंच नव्हता.

“इथं नाय आता ते,” भागीबाई म्हणाल्या.

“मग सुटले म्हणायचे?”

 भागीबाई रस्त्यापलीकडं आप्पांच्या घराकडं बघत होत्या. दिवेलागणीची वेळ झाली होती. आजूबाजूच्या सगळ्या घरांत दिवे लागले होते, तेवढं एक घर काळं होतं. काकू ओट्यावर बसल्या होत्या. किल्ली परत द्यायला दोघी जवळ गेल्या तशा काकू हलक्या आवाजात सांगायला लागल्या. स्पर्धेहून आल्यापासून आप्पा कुठल्याच बटणाला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत आणि स्वतःही दाबत नाहीत. पंखा नाही, पाण्याची मोटर नाही, मिक्सर नाही. आम्ही विहिरीवरून पाणी शेंदतो, म्हणाल्या, आणि पाट्यावर वाटतो.

उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. आप्पा भिंतीपाशी उभे होते, हात दिव्याच्या बटणावर.

“कोण हाय का आत?” त्यांनी विचारलं.

एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना आवाज चिरकला. मग ते कान देऊन थांबले. सृष्टीनंही कान दिला. तिला काही ऐकू आलं नाही. काकूंनाही आलं नाही, त्यांनी मान हलवली.

“ओ दिल्याबिगर राहायचं नाय, अशी सवयच व्हती आमच्या ह्यांची,” भागीबाई म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

आत आप्पांनी सावकाश बटणावरचा हात खाली घेतला आणि अंधारात दाराकडं तोंड करून, कोणी तरी बाहेर यायची वाट बघत, ते उभे राहिले.